साडूंचा ओवा

सेलूत आणि आसपासच्या खेड्यांत ज्याची म्हणून विडी-सिगारेट सुटली, त्याच्या खिशात आमच्या थोरल्या साडूंच्या ओव्याची पुडी सापडायचीच. सुटली नाही असा एकच इसम मला ठाऊक होता, आणि तो म्हणजे आमचे साडू. हे वाक्य मी सासरवाडीच्या पंगतींत मनातल्या मनात घोळवून इतक्यांदा हसलो आहे, की आज ते कागदावर उतरवताना माझीच मला लाज वाटते.

साडूंनी सगळी नोकरी एका जिनिंग कारखान्यात रुईची प्रत पाहण्यात काढली. कापसाच्या गंजीत एक ठिणगी पडली तर सगळाच कारभार आटोपला, म्हणून गेटवरचा वॉचमन आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या विड्या आणि काडीपेटी काढून घेई. साडू दिवसभर कोरडे राहत आणि सुट्टी झाली की गेटबाहेर उभ्याउभ्या दोन विड्या संपवत. दिवसाची तलब मारायला म्हणून त्यांनी भाजलेला ओवा तोंडात धरायला सुरुवात केली. मग त्यात सैंधव आलं, लिंबू आलं, जोडीला ज्येष्ठमधाच्या काड्या आणि दालचिनी आली, आणि बघता बघता साडूंचे वैद्य झाले.

त्यांचा पहिला रोगी मी. तेव्हा मी परभणीला शाळेत मास्तर होतो आणि दिवसाला एक पाकीट संपवत होतो. साडूंनी माझ्या हातात पुडी ठेवली आणि म्हणाले, “पाव्हणं, तलब मंजी बिनबोलावता पाव्हणा. दार उघडलं न्हाई की जातो माघारी. तवर हे चघळा.” माझी सिगारेट सुटली. ती ओव्यानं सुटली की साडूंच्या धाकानं, हे मला आजही सांगता येणार नाही. कारण ते एक दिवसाआड फोन करत आणि माझ्या तोंडाला वास येतो का, हे माझ्या बायकोला विचारून खात्री करून घेत. पण उपकाराच्या भरात मी चारचौघांत त्यांचं नाव असं काही गाजवलं, की त्यांच्या दारात माणसांची रीघ लागली.

मग साडूंना आवर राहिला नाही. लग्न असो की मयत, बुशशर्टाचे दोन्ही खिसे पुड्यांनी फुगलेले. स्मशानात अग्नी दिल्यावर चार जण हळूच बाभळीच्या आडोशाला सरकत, तिथे साडू आधीच उभे. “एकजण चाललाय न्हवं? तुमाला कशाची घाई?” मुळ्याचा रस मधात कालवून त्यांनी एका वऱ्हाडाच्या जीपमधल्या चौघांना पाजला होता, त्या जीपच्या सगळ्या काचा जिंतूर येईपर्यंत खाली होत्या. वालूरच्या एका सोयऱ्याला त्यांनी ज्येष्ठमधाची काडी दिली, तर त्यानं सवयीनं ती पेटवली आणि अर्धी मिशी होरपळून घेतली. तो भांडायला आला, तर साडू शांतपणे म्हणाले, “मिशी परत येती रे बाबा. फुप्फुस न्हाई येत.”

एवढं नाव झाल्यावर साडूंची स्वतःची पंचाईत झाली. गेटबाहेर, चौकात, पानाच्या ठेल्यावर, कुठेच विडी ओढायची सोय उरली नाही. ओढताना कुणी पाहिलं असतं तर सुटलेल्या पन्नास जणांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवली असती, असं त्यांना मनापासून वाटे. म्हणून ते घरी येत, स्वयंपाकघराचं दार लावत, खिडकी लावत, आणि पाटावर बसून ओढत. वास बाहेर जाऊ नये म्हणून त्याच वेळी आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, शेजारी बसून लोकांसाठीचा ओवा तव्यावर भाजत असे. गल्लीला वाटे, वैद्यबुवांचं औषध चाललं आहे.

एकदा मी अवचित गेलो आणि हा सोहळा पाहिला. आक्का पदरानं डोळे पुसत खोकत होती. मला पाहून म्हणाली, “ओवा लय झणका मारायलाय बघा.” साडू ओशाळून म्हणाले, “लोकायचा इस्वास मोडू ने, पाव्हणं.” मी पोट धरून हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. अशी बारा वर्षं गेली, आणि त्या बंद खिडकीचा विचार आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही मनात आला नाही.

आक्काचा खोकला थांबेना, तेव्हा आम्ही तिला परभणीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, “बाई, घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का?”

दाराशी उभा असलेला कंपाउंडर साडूंच्याच ओव्यानं सुटलेला होता. तो हात जोडून साडूंकडे भक्तिभावानं पाहत होता. आक्कानं त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“आमच्या घरात? न्हाई हो,” ती म्हणाली. “हे तर लोकायच्या सोडवत्यात.”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहत राहिलो. बोलायला हवं होतं, दोघांनीही.

त्या दिवशी साडूंची विडी सुटली. ओवा नाही, ज्येष्ठमध नाही, काही नाही. दवाखान्याच्या पायरीवर बंडल चुरगाळलं आणि संपलं. आक्का त्यानंतर आठ महिने होती.

आता कुणी पुडी मागायला आलं की साडू आधी त्याला बसवतात. “मी चोरून ओढायलो व्हतो. दार लावून, तिच्या म्होरं. आता घ्यायचा तर घे.” पुष्कळ जण हे ऐकून पुडी न घेताच उठतात. त्यांचं नाव गेलं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. जो पुडी घेतो, त्याला ते उंबऱ्यापर्यंत पोचवतात आणि सांगतात, “न्हाईच सुटली तर चौकात ओढ, बापाम्होरं ओढ. घरात ओढू नको.”

गेल्या पौषात मी सेलूला गेलो होतो. साडू त्याच तव्यावर स्वतः ओवा भाजत होते. दार उघडं, खिडकी सताड उघडी, गार वाऱ्यानं गॅस सारखा फडफडत होता. मी खिडकी लावायला उठलो.

“ऱ्हाऊ द्या, पाव्हणं,” ते तव्यावरची नजर न काढता म्हणाले. “उघडीच ऱ्हाऊ द्या.”

मी परत बसलो. त्यांनी चिमूटभर ओवा माझ्या तळहातावर ठेवला. करपला होता. मी तो मुकाट्यानं चघळत राहिलो. घरात आता नुसत्या ओव्याचाच वास होता.