कंबरेला आवळलेलं लुगडं

देवणीच्या अलीकडच्या त्या गावात पार्वतम्माशी भांडून कुणी जिंकलं नव्हतं. बासष्ट वर्षांची काटक बाई. इरकली लुगड्याची गाठ कंबरेला अशी करकचून आवळायची, की दिवसभर सोयाबीन खुरपलं तरी नेसण तसूभर हलत नसे. बाईची पारख तिने आयुष्यभर याच एका गोष्टीवर केली. सैल नेसणारी म्हणजे कामचुकार, मग ती कुणाची का असेना. सून सत्यशीला घरात आली त्याच दिवशी, शेजारणींच्या देखत तिच्या निऱ्या ओढून पार्वतम्मा म्हणाली होती, "साडी नेसलीस का पोतं बांधलीस?" त्याला बारा वर्षं झाली. सत्यशीला ते विसरली नाही, आणि तिने विसरावं असं पार्वतम्मालाही कधी वाटलं नाही.

गाठीखालची कातडी आधी काळी पडली, मग खाजू लागली, मग चिरली. पार्वतम्माने तिथे बिब्बा लावला. आग आग झाली, म्हणजे गुण येणार, असं ठरवून तिने वरून लुगडं पहिल्यासारखंच आवळलं. चार वर्षांत त्या चिरेची रुपयाएवढी जखम झाली, कडा टणक झाल्या. पण दाखवायची कुणाला? गाठ सैल करायची, तीही सुनेच्या डोळ्यांसमोर? ते तर मेल्यावरच.

सत्यशीला गावची आशाताई, घरोघरच्या आरोग्याची नोंद ठेवणारी. दरवर्षी ती कागद घेऊन घरोघर फिरे; त्यात बऱ्या न होणाऱ्या जखमेचाही एक प्रश्न असे. सासूला ती स्वतःच्याच दारात उभी राहून, परक्या बाईला विचारावं तसं विचारी. सासू "न्हाई" म्हणे, सून "नाही" लिही. सगळ्या गावाचं उत्तर तेच. कातडीच्या कॅन्सरच्या रकान्यात गावाचा आकडा वर्षानुवर्षं शून्य.

यंदा उपकेंद्रात नव्या डॉक्टरबाई आल्या. त्या नुसतं विचारून थांबल्या नाहीत. गाठ वर्षानुवर्षं काचली की तिथेच हा कॅन्सर होतो म्हणून, पडदा लावून बायकांच्या कंबरा पाहू लागल्या. महिन्याभरात शून्याचे पाच झाले. रोग वाढला, पाणी नासलं, असा गावात गलका उठला. रोग होता तेवढाच आहे, आपण आत्ता पाहिला, असं डॉक्टरबाई सांगत राहिल्या. पार्वतम्मा मात्र पिठाच्या गिरणीपुढे उभी राहून सांगे, की हा रोग आपल्या सुनेच्या कागदातूनच आलाय. विचारलं तर न्हाई म्हणा, पडद्याआड जाऊ नका. बऱ्याच जणींनी ऐकलं. तिची खुरपणीची जोडीदारीण नीलाबाई त्यांतलीच एक.

भादव्यात नीलाबाई रानातच मटकन खाली बसली. लुगडं रक्ताने भिजलं होतं. लातूरला नेलं, तर जखम खोल उतरलेली आणि रोग जांघेपर्यंत गेलेला. दोन वर्षं आधी आणलं असतं तर तेवढीच कातडी कापून, टाके घालून घरी पाठवलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी तिच्या लेकाला सांगितलं. पार्वतम्मा खाटेशेजारी उभी होती. नीलाबाई तिच्याकडे बघून म्हणाली, "तूच न्हाई म्हन म्हनलीस."

पार्वतम्मा एसटीने परत आली ती थेट सुनेपुढे उभी राहिली.

"कागद काढ. माजं हाय म्हून लिही."

सत्यशीला डाळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ठाव हाय. चार वर्सं झाली, तुमची लुगडी मीच धुतेय."

पार्वतम्माचं डोकं सणकलं. ते डाग, तो वास, सगळं हिने रोज हातांनी दगडावर आपटलं होतं. "मंग लिहिलीस का न्हाई?"

"तुमी न्हाई म्हनलात. मी न्हाई लिहिलं."

पार्वतम्माने शिवी शोधली. अख्ख्या गावाला पुरेल एवढा साठा तिच्याकडे होता. पण आठवली ती प्रत्येक शिवी दोघींनाही सारखीच लागत होती. तिने गाठीला हात घातला. कापड जखमेला चिकटलं होतं, बोटांना जोर येईना. सत्यशीलाने कोमट पाण्याचं पातेलं आणून तिच्यापुढे आदळलं आणि गाठ सोडवायला खाली बसली.

दुसऱ्या दिवशी नीलाबाई आणि पार्वतम्मा धरून गावाचा आकडा सात झाला. उपकेंद्रातून परतताना पार्वतम्मा गिरणीपुढे थांबली. लुगडं सैल, एका मुठीत धरलेलं. रोग अजून वाढला म्हणे, अशी बायकांची कुजबुज चालली होती.

"वाढला न्हाई, भवान्यांनो," ती म्हणाली. "लपवलेला निघाला. चला, दाखवा तुमच्या बी कंबरा."

एकही जागची हलली नाही. त्यांना न्हाई म्हणायला तिनेच शिकवलं होतं.