टपरीखालची जमीन

त्याचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. गल्लीत सगळे त्याला 'चौकशी' म्हणायचे आणि तोही खुशाल ओ द्यायचा. धंदा किल्ल्या करून देण्याचा, अडलेली कुलपं उघडून देण्याचा. शिंपीणबाईंच्या दुकानासमोर पदपथावर त्याची पत्र्याची टपरी होती. टपरीला चाकं होती म्हणे, पण ती फिरलेली कुणी पाहिली नव्हती.

त्याचा एक नियम होता. कुलूप उघडून हवंय? दोन शेजारी आणा, आणि घर तुमचंच आहे असं त्यांच्या तोंडून वदवा. एकदा एक गृहस्थ नुसत्या बनियनवर दाराबाहेर अडकले होते. "अरे, मला ओळखत नाहीस का?" "ओळखतो तर! पण घर तुमचं की वहिनींचं, ते कुठं ठाऊक आहे?" शेजारी हसून हसून बेजार, कारण घर खरोखरच वहिनींचं निघालं. त्या माहेराहून येईपर्यंत गृहस्थ जिन्यातच बसले.

हा नाद पुढे कुलपापुरता राहिला नाही. बागेतला बाक कुणाचा? विजेचा खांब कुणाचा? बरं, खांब वीजवाल्यांचा, मग त्यावर चढलेली वेल कुणाची? किल्ली घासता घासता तो समोरच्याचं डोकं खायचा. गिरणीवाला तर त्याला पाहिलं की गिरणी मुद्दाम जोरात सुरू करायचा. पण खरं सांगू? त्याला वाद घालायची हौस नव्हती. त्याला मनापासून नवल वाटायचं, की काही चार भिंती एकाच्या आणि काही रस्ते सगळ्यांचे, आणि हे ठरवतं तरी कोण!

मग एके वर्षी रस्ता रुंद करायचं निघालं आणि शिंपीणबाईंचं दुकान आखणीत आलं. बाई भांडल्या, रडल्या, शेवटी तयार झाल्या. मालकीचे कागद त्यांच्याकडे चोख होते, म्हणून नव्या मंडईत त्यांना गाळा मिळाला. दुकान पाडायच्या दिवशी सकाळी सामान काढायला आल्या, तर घाईत किल्ली कुलपातच मोडली. पालिकेचा साहेब आणि कामगार येऊन उभेच होते.

"अहो भाऊ, उघडा लवकर! माझं मशीन आहे आत, लोकांचे कपडे आहेत."

चौकशी हत्यारं घेऊन आला आणि दारापाशी थबकला. "ताई, दुकान आता कुणाचं?"

"कालपर्यंत माझं होतं. आज ह्यांचं."

"आणि मशीन?"

"माझं."

"कपडे?"

"गिऱ्हाइकांचे. अहो, हा काय खेळ लावलाय?"

"मग कुलूप कुणाचं?"

कामगार हसले. साहेब मात्र हसला नाही. तरुण होता, नवीन होता, त्यालाही प्रश्नाची गंमत वाटली असावी. थोडा विचार करून तो म्हणाला, "भिंती आमच्या, पण कुलूप बाईंचंच म्हणायला हवं." गिरणीवाला आणि इस्त्रीवाला एका दमात ओरडले, "बाईंचंच आहे रे बाबा, उघड!" दोन शेजारी झाले. कुलूप उघडलं.

सामान बाहेर निघत होतं तेव्हा साहेब टपरीला टेकून उभा राहिला. "तुमचा प्रश्न आवडला मला. आता मी एक विचारू? तुमची टपरी उभी आहे ती जागा कुणाची?"

चौकशीच्या हातातली कानस थांबली. "पदपथ आहे. म्हणजे सगळ्यांचा."

"मग तुमच्या एकट्याचा नाही. रुंदीकरण इथवर येणार आहे. टपरी आज हलवावी लागेल."

"बरं. ताईंना गाळा मिळाला. मला?"

"त्यांची जागा गेली म्हणून मिळाला. कागदोपत्री तुमचं काहीच जात नाही."

"काहीच जात नाही?" चौकशी असा तडकला की गिरणीवाल्याने गिरणी बंद केली. "इथं उभं राहून केस पिकले माझे! पोरगी शिकली ह्या टपरीवर! आणि माझं काही जात नाही?" त्याला रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून रागही येत होता.

साहेब ओशाळला. "पदपथावर बसायचा परवाना मिळतो. तो असता तर मंडईत तुम्हालाही जागा द्यावीच लागली असती."

"मग हे मला आजवर कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

शिंपीणबाई कपड्यांचं गाठोडं घेऊन मध्येच थांबल्या. सगळी गल्ली चौकशीकडे बघत होती. तो खाली वाकून टपरीची चाकं चाचपू लागला.

चाकं गंजून गच्च झाली होती. गिरणीवाल्याने तेल आणलं, चौघांनी रेटलं, तेव्हा कुठं टपरी हलली. घरापर्यंत ती ढकलताना चौकशीला सारखं पालिकेचं कार्यालय आठवत होतं. येता-जाता कितीदा तरी तो त्याच्यावरून गेला होता. दरवेळी वाटायचं, आत जावं, टपरीच्या जागेचं विचारावं. आणि दरवेळी पाय पुढेच पडायचे. न जाणो, विचारलं आणि उठवूनच दिलं तर? कुणी हटकत नव्हतं, तेवढ्यावर त्याचं भागत होतं.

बायको दारातच उभी होती. टपरी पाहून काय झालं ते तिला कळलं. त्याने सगळं सांगितलं, ते तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अर्ज अजून घेतात का?"

"घेतात म्हणे."

"मग उद्या सकाळी जाऊ."

"तू कशाला?"

"अहो, दुसऱ्यांचं विचारायला तुम्ही पटाईत. स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की तुमची दातखीळ बसते. तुम्ही नुसते उभे राहा, बोलायचं मी बघते."