भर पंगतीतली गोळी

आत्याबाई भर पंगतीत गोळी खायची. लग्न असो की नामकरण, आपलं जेवण झालं की ती पदराची गाठ सोडायची आणि वाढणाऱ्याला हाक मारायची, "अरे बाबू, पाणी आन. माही मनाच्या बिमारीची गोळी राह्यली." शेजारच्या बायांचे घास हातातच थांबायचे. गोळी गिळून ती त्यांच्याकडेच बघायची. "काऊन वं? बीपीवाली गोळी खाते तवा नाई पाह्यत तिच्याकडं!"

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. हिंगणीला राहायची, तिथल्या विहारात वंदना घ्यायची. नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना, ती एकाएकी उठेनाशी झाली. घरात कोणी गेलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. गावातले म्हणाले, बाहेरचं आहे, अंगारा लावा. आमच्या लोकांनी दीक्षेनंतर अंगारे-धुपारे सोडले, याचा आम्हाला अभिमान. घरच्यांनी ठणकावून नाही म्हटलं. पण दवाखान्याचंही कोणाला सुचलं नाही. भूत नाही, ताप नाही, मग बिमारी कसली? भूत आम्ही घरातून काढलं होतं, त्याच्या रिकाम्या जागी काय ठेवायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी आत्याबाई स्वतःच एसटीत बसली आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात गेली. उठवत नसताना ती कशी उठली असेल, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. नालवाडीहून सायकलने वर्ध्याला जायचे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी सगळं थांबलं. वेणी घालायला हात वर होईना. पहाटेच जाग यायची आणि उजाडू नये असं वाटायचं. पुस्तकातली ओळ वाचायची, पुन्हा तीच वाचायची. रडूही येत नव्हतं. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी आईला सांगून टाकलं, कॉलेज सोडते.

वडिलांना हा आळस वाटला. भिंतीवरच्या, आम्हाला दीक्षा देणाऱ्यांच्या फोटोकडे बोट दाखवून ते म्हणाले, "यायनं किती सोसलं! उपाशी राहून शिकले. कधी खाटेवर पडून राह्यले का?" त्या फोटोपुढे मी शरमेने आणखी आत गेले.

निरोप न पाठवताच आत्याबाई आली. दारातच चप्पल काढता काढता तिने भावाचं ऐकून घेतलं आणि त्याच फोटोकडे बोट केलं.

"नाम्या, यायले साखरेची बिमारी होती. सुया घ्या लागत. तवा कोणी म्हटलं का तायले, मन घट्ट करा, साखर उतरते?"

वडील गडबडले. "ते अंगाची बिमारी होती, बाई."

"अन् मन का शेजारच्या घरी राह्यते?"

त्या फोटोला कोणी आजारी म्हटलेलं आमच्या घराने तोवर ऐकलं नव्हतं. मीही खाटेवरून मान वळवून बघितलं. वडिलांनी आत जाऊन माझी चप्पल आणून ठेवली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. याचं कारण एकच नसतं. थोडं घराण्यातून येतं, थोडं मेंदूतल्या रसायनांचं, थोडं आपण सोसतो त्याचं. औषध लागू व्हायला वेळ लागेल, बोलायलाही येत राहावं लागेल. परतीच्या ऑटोत मी विचारलं, "आत्याबाई, मी येडी झाली का?"

"मी येडी दिसतो का तुले?" ऑटोवाला आरशातून बघत होता; तिने त्यालाही सोडलं नाही. "समोर पाह्य बा, दोघी बिमार हावो, तू तरी धड चालव." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "रोज वाटन, काईच फरक नाई पडून राह्यला. त्या दिवशीबी गोळी खाजो."

फरक पडला. हळूहळू पडला. वर्ष वाया गेलं, पण मी बी.ए. झाले.

निकालाचे पेढे वाटले त्या दिवशी आत्याबाई आली नाही. तिची बिमारी पुन्हा उलटली होती. गोळ्या चालू असूनही असं होतं. मी पेढे घेऊन हिंगणीला गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी निकाल सांगितला.

"मले माहीत हाय, हे खुशीचं हाय," ती म्हणाली. "आज आत पोचून नाई राह्यलं. पोचन. तू मनाले नको लावून घेऊ."

मी नुसती तिच्या पायाशी बसून राहिले. आपलं मन इतक्या दुरून, इतकं स्वच्छ बघणारं माणूस मी पुढे कधी पाहिलं नाही. आत्याबाईला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी तिची आठवण आली की आधी हीच दुपार येते.

आणि मग कापूस फुटायच्या दिवसांतली ती सकाळ. पेढ्यांचे रिकामे डबेसुद्धा कधीच धुऊन ठेवलेले. बाहेर एसटीतून उतरलेल्या आत्याबाईचा आवाज आला. अख्ख्या नालवाडीला ऐकू जाईल असा.

"अरे नाम्या, आपली पोरगी बी.ए. झाली ना रे!"

वडील अंगणात धावले. "हो बाई," ते म्हणाले, "झाली."