तहाची सोयरीक

ही हकिकत मी आजवर टाळत आलो. मुलं विचारायची, आत्या आपल्याकडे कधीच का येत नाही? तिच्या घरी माणूस आजारी असतो, असं सांगून मी विषय बदलायचो. ते खोटं नव्हतं. पण तो माणूस आजारी कसा झाला, हे मी बायकोलाही सांगितलं नाही. आता बायको गेली. ज्यांना राग यावा अशी माणसं उरली नाहीत, म्हणून लिहितो आहे. यात धैर्याचं काही नाही.

बेचाळीसनंतरची वर्षं. आमचं गाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. कॉलेज सांगलीला, म्हणजे संस्थानात. मी इंग्रजी घेऊन बी.ए. करत होतो. शनिवारी रेल्वेने गावी यायचो. स्टेशनापासून गावापर्यंतची वाट एका घराच्या उसातून जायची, आणि त्या घराशी आमचं वैर होतं. पाटाच्या पाण्यावरून मारामारी झाली होती, त्यात माझ्या धाकट्या चुलत्याच्या कुऱ्हाडीने त्यांचा थोरला मुलगा मेला होता. साक्षीदार फिरले, चुलता सुटला आणि लगोलग फौजेत भरती होऊन लढाईवर गेला. आता त्यांनी सूड घ्यायचा तर कुणावर? घरात तरुण पुरुष मी एकटाच उरलो होतो.

ऊस डोक्यावर गेला की त्या वाटेने मी पाऊल जपून टाकायचो. पानं सळसळली की थांबायचो. कधी कुत्रं बाहेर यायचं, कधी काहीच यायचं नाही. मला कुणी कधी बोटसुद्धा लावलं नाही. पण शनिवार जवळ आला की जेवण जायचं नाही. हे कुणाजवळ बोललो नाही.

कॉलेजात आमचे प्राध्यापक जुनं इंग्रजी वाङ्मय शिकवायचे. त्या वर्षी त्यांनी मध्ययुगातल्या इंग्रजांची लढाई आणि शांतता हा भाग घेतला होता. मला वाटलं, राजे, घोडे, चिलखतं असं काही असेल. निघालं आमच्या गावासारखंच. एका घराने दुसऱ्याचा माणूस मारला की सूड घेणं हे पोराबाळांचं कर्तव्य. अमुक वारापासून तमुक वारापर्यंत कुणी शस्त्र काढायचं नाही, असा नियम त्यांच्या चर्चने घालून दिलेला. आमच्याकडेही पालखी देवळात परत येईपर्यंत जत्रेत कुणी वैऱ्यावर हात टाकत नाही. आणि वैर फारच वाढलं तर एका घरची मुलगी दुसऱ्या घरात द्यायची. अशा बाईला ते लोक शांतता विणणारी म्हणत.

"पण विणलेलं टिकतं का?" प्राध्यापकांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "त्या कवींचं ऐकाल तर क्वचितच. कुणीतरी जुनं उकरून काढतं. मग एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला नवरा, आणि मध्ये ती. तह करणारे पुरुष घरी निघून जातात. तो निभवायचा तिने."

मी हे नीट ऐकलं. परीक्षेत लिहिलंही. गुण चांगले पडले.

त्या काळात आमच्या भागात सरकारी कोर्टाची पायरी चढायची नाही, भांडणं गावातच मिटवायची, अशी हवा होती. त्या उन्हाळ्यात पंचांनी दोन्ही घरांना देवळात बोलावलं. मेलेल्या मुलाचा बाप खांबाला टेकून बसला होता. पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "आवं, किती दिस एकमेकांच्या वाटंवर डोळं लावून बसायचं? यांची पोरगी हाय, तुमचा धाकला हाय. सोयरीक करा, इषय मिटवा."

वडील माझ्याकडे वळले. "तू शिकलायस. तू बोल."

मी उभा राहिलो. इंग्लंडात पूर्वी अशीच वैरं होती, तिथेही मुलगी देऊन ती मिटवत, अशा बाईला मोठा मान असे, असं सांगितलं. तिथेच थांबलो.

"साहेबाच्या मुलखातबी आसंच?" म्हाताऱ्याने विचारलं.

"व्हय."

"म्हंजी साहेबबी आपल्यावानीच येडं की रं!"

सगळे हसले. खांबाला टेकलेला बापही हसला. मग वडिलांनी होकाराची मान हलवली.

बहीण सोळा-सतराची असेल. संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत होती. देवळातलं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"दादा, त्या तिकडच्या बायांचं पुढं काय व्हायचं?"

"नांदायच्या."

"सुखानं?"

"सुखानं. पोरंबाळं झाली की सगळे मागचं विसरायचे."

तिने भाकरी उलटली. "मग बरं हाय. तुलाबी आता उसातनं येताना भ्या वाटायचं न्हाई."

"मला भ्या वाटतं असं कुणी सांगितलं?"

"घरात आलास की दोन तांबे पाणी ढोसतोस, मग बोलतोस. मला कळत न्हाई व्हय?"

ती हसत होती. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

लग्न झालं. तिचा नवरा पहिलवान गडी, अंगाने आडवा आणि बोलायला लाजरा. पुढच्या शनिवारी तो उसातूनच बाहेर आला. मी मागे सरलो. त्याने सोललेलं कांडं पुढे केलं. "घ्या की पाव्हणं. कालिजात आसला ऊस मिळायचा न्हाई." त्यानंतर तो बहुतेक शनिवारी भेटायचा. त्या वर्षात मी निर्धास्त झालो. बहिणीला एक मुलगा झाला.

लढाई संपली आणि चुलता नाईक होऊन सुट्टीवर आला. वडिलांनी मिरवणूक काढायची ठरवली. हलगी, लेझीम, हार. कोणत्या वाटेने न्यायची असं विचारलं तेव्हा वरच्या आळीने न्या, सगळं गाव बघेल, असं मी म्हणालो. वरच्या आळीत बहिणीचं घर होतं. ते मला माहीत होतं. वैर मिटलंच आहे, असं मी धरून चाललो होतो.

दारात तिची सासू उभी होती. मागे बहीण, कडेवर मूल. म्हातारीने चुलत्याच्या गळ्यातल्या हाराकडे बघितलं. हलगी क्षणभर थांबली होती, त्यामुळे तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं.

"माझ्या लेकाला तिरडी, आन् ह्येला हार."

ती आत गेली. बहीण दारातच राहिली. मी तिच्याकडे न बघता पुढे चाललो.

दुसऱ्या दिवशी पाटावर बहिणीच्या नवऱ्याने चुलत्याला अडवलं. मी तिथे होतो.

"वरच्या आळीनं का आलासा?" त्याने विचारलं. तेव्हाही तो चढ्या आवाजात बोलत नव्हता.

"रस्ता तुज्या बाचा हाय का रं?"

शब्दाला शब्द लागला. त्याने चुलत्याची गचांडी धरली. चुलत्याने हातातलं खोरं फिरवलं आणि दांडा त्याच्या डोक्यात बसला. मी पाटाच्या बांधावर उभा होतो. चार पावलं पुढे गेलो असतो तर मध्ये आलो असतो. गेलो नाही.

तो मेला नाही. वाचा गेली, उजवं अंग गेलं. चुलता पलटणीत निघून गेला. आधी हात बहिणीच्या नवऱ्यानेच टाकला असं गावातले काही जण म्हणाले, आणि ते प्रकरण तिथेच राहिलं. आई भेटायला गेली तेव्हा बहिणीनेच तिला दारातून परत पाठवलं. "आता येऊ नगा. मला हितं ऱ्हायचं हाय." त्यानंतर ती माहेरी आली नाही. आई गेली तेव्हाही नाही.

मी पुढे सांगलीलाच प्राध्यापक झालो. तोच भाग पुष्कळ वर्षं शिकवला. त्या कवितांतल्या बायकांचं पुढे काय व्हायचं, ते मी वर्गात कधी वगळलं नाही.

तिच्या मुलाने सांगलीच्या विश्रामबागेत घर बांधलं आणि दोघांना तिथे आणलं. निवृत्तीनंतर मी तिच्याकडे जायला लागलो. ती मला आत घ्यायची, चहा द्यायची. नवऱ्याला दहीभात भरवत गुडघ्यांबद्दल, महागाईबद्दल बोलायची. मी प्रत्येक वेळी बोलायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. एकदा चहा संपला तरी मी उठलो नाही, तेव्हा तिने पदराने नवऱ्याची हनुवटी पुसली आणि विचारलं, "काय म्हनायचंय का, दादा?"

"काही नाही," मी म्हणालो. "निघतो."

नवऱ्यामागोमाग त्याच वर्षी तीही गेली. मला एवढंच म्हणायचं होतं: बाय, मला सगळं ठाऊक होतं, आणि माझा जीव वाचावा म्हणून मी तुला दिलं. मला माफ कर.