सनईवाल्याचं पुस्तक आणि पातळ वरण

आमच्या गावात वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे मारुतीच्या देवळाची ओसरी, एक पत्र्याची ट्रंक आणि मी. ट्रंकेत पत्रकं असत. ती इंग्रजी मुलखातून कुणाच्या तरी धोतरात गुंडाळून निजामाच्या हद्दीत येत, हातोहात फिरत आणि शेवटी माझ्याकडे मुक्कामाला राहत. मी ती वाचूनच वाढलो, त्यामुळे बोलूही तसाच लागलो. आई म्हणायची, "भाकर वाढू का, एवढंच इचारलं. त्याला 'बंधूंनो आणि भगिनींनो' कशाला?"

या ओसरीवर एकदा सनईवाले काका आले. भोकरदनपासून टेंभुर्णीपर्यंत कुठंही लग्न असलं की सनई त्यांचीच. साठी उलटली होती, पण फेटा कडक आणि मिशीला तेल. काखेत कागदांचा गठ्ठा होता.

"माझं चरित्र लिहिलंय," ते म्हणाले.

"कुणी?"

"मीच. दुसऱ्याला काय ठावं माझं?"

मी गठ्ठा तिथंच बसून वाचून काढला. अक्षर मोठं, ओळी उताराला लागलेल्या, पण माणूस खरं बोलत होता. एका प्रकरणापाशी मी थांबलो. वाजंत्र्यांची रीत त्यात होती. पहाटेपासून वाजवायचं, हळद वाजवायची, वरात वाजवायची. लोक जेवायला बसले की पंगत उठेपर्यंत वाजवायचं. मग सगळं गाव जेवून, हात धुऊन, पान खाऊन गेलं की वाजंत्र्यांनी गोठ्याच्या बाजूला बसायचं आणि भांड्याच्या तळाचं खायचं. शेवटी काकांनी लिहिलं होतं, "मी उभ्या जन्मात लोकांच्या पंगती वाजवल्या. पहिल्या पंगतीत बसून वाफेचा भात कधी खाल्ला न्हाई. मरायच्या आधी एकदा खायचाय."

माझं रक्त उसळलं. "काका, हा बाँब आहे!"

"बाँब नको रे बाबा. पुस्तक पाहिजे. जालन्याला छापखाना हाय म्हणतात."

पुस्तकाला प्रस्तावना मी लिहिली. तीत मी समाजाला, रूढीला, पाटलाला आणि सावकाराला एकदमच आव्हान दिलं. 'उठा' हा शब्द तीत इतक्या वेळा आला, की छापखान्यात खिळे जुळवणारा मला म्हणाला, "साहेब, 'उ' संपले. दोन-चार ठिकाणी 'बसा' केलं तर चालल का?"

पुस्तक आलं. आमच्याकडं वाचणारे थोडे आणि ऐकणारे फार, म्हणून संध्याकाळी ओसरीवर मीच मोठ्यानं वाचायला बसलो. प्रस्तावनेचं पहिलं पान संपायच्या आत मागून आवाज आला, "हे भाषान झालं का? मंग लग्नं काढ."

लग्नंच लोकांना हवी होती, आणि तिथंच काकांची चूक झाली होती. त्यांनी कुणाचं नाव लिहिलं नव्हतं. बदनामी नको, असं त्यांचं म्हणणं. पण जन्मभर उपाशी थांबून वाजवलेलं, त्यामुळे त्यांना एकेक लग्न आठवे ते जेवणावरून. 'टेंभुर्णीच्या वाटेवर, दारात जोडलिंब असलेलं घर. वरण इतकं पातळ, की द्रोणात मांडवाचे बांबू दिसत होते.' 'विहिरीला पायऱ्या असलेला मळा. वांग्याच्या भाजीत वांगं शोधण्यात दुपार गेली.' नाव नसलं म्हणून काय झालं? पंचक्रोशीत जोडलिंबाचं घर एकच, आणि पायऱ्यांची विहीरही एकच.

दुसऱ्या दिवशी जोडलिंबाचे मालक काठी आपटत ओसरीवर हजर.

"वरण पातळ न्हवतं! त्या दिवशी पाव्हणे दुप्पट आल्ते."

"मंग पाणी दुप्पट घातलं म्हना की," बाजूला तंबाखू मळत बसलेला एकजण म्हणाला.

"तू गप बस! ओ वाचनालय, पुढच्या वक्ताला छापाल तव्हा लिहा, पाव्हणे जास्त होते. बराबर तसंच लिहा."

मी म्हणालो, "मालक, तुम्ही वाजंत्र्यांच्या पंगतीचं प्रकरण वाचलंत का?"

"मी माझंच पान वाचलं. ते काय कमी हाय?"

मग भोकरदनकडून बैलगाडी करून एक म्हातारी आली. तिची तक्रार वेगळी. तिच्या लेकाचं लग्न पुस्तकात नव्हतंच.

"बुंदी केल्ती, जिलेबी केल्ती, बासुंदी केल्ती! चुलीम्होरं भाजून निघाले मी. आन् ह्याला एक वळ सुचली न्हाई?"

काका ओशाळले. "आक्का, तुमच्यात तळाला बी भरपूर व्हतं. पोट भरलं की ध्यानात ऱ्हात न्हाई. उपाशी राह्यलं की बिलकुल इसरत न्हाई."

म्हातारी गाडीत बसताना पुटपुटली, "पुढच्या लेकराच्या वक्ताला उपाशी ठिवते मेल्याला."

मला खरी आशा पोलिसांची होती. पुस्तक जप्त व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. जप्त न झालेलं पुस्तक कसलं पुस्तक? एकदा जमादार आलेच. मी छाती पुढं काढून उभा राहिलो.

"क्या जी, सरकार के खिलाफ कुछ छापे बोलके सुना."

मी स्वतःच प्रस्तावना उघडून दिली. जमादारांना मराठी वाचता येत होतं, सावकाश. त्यांनी दोन ओळी वाचल्या, जांभई दिली आणि पानं उलटत म्हणाले, "ये तो कोई नै पढ़ता जी. वो बैंगन का सफा किधर है?"

वांग्याचं पान मी काढून दिलं. ते हसून हसून ओसरीच्या खांबाला टेकले. बायकोला ऐकवायचं म्हणून पुस्तक घेऊन गेले, आणि जाताना मला म्हणाले, "तुम भी कुछ ऐसा अच्छा लिखो." इतका अपमान माझा आजवर कुठल्याही सरकारनं केलेला नाही.

सगळ्यांत कडू अभिप्राय मात्र घरातूनच आला. काकांचे मेहुणे सूर धरायचे. सनईच्या मागं एकच स्वर अखंड धरणारा माणूस लागतो, तो ते. गाल फुगवून, नाकानं श्वास घेत, एका स्वरावर त्यांनी हयात काढली होती. पुस्तकात त्यांच्यावर एक ओळ होती: 'सुराला मेहुणे असत.'

"असत?" मेहुणे ओरडले. "दाजी, मी तुमच्या मागं उभा ऱ्हाऊन गाल फाडून राह्यलो, आन् मी नुसता 'असत'?"

"आरं, तू एकच सूर वाजवतू. एकाच सुराला एकच वळ."

"मी दम सोडला आस्ता ना, तर तुमचं समदं चरित्र बेसूर झालं आस्तं!"

पण वाजंत्र्यांच्या त्या शेवटच्या पंगतीबद्दल एकानंही तोंड उघडलं नाही. ज्या पानासाठी मी पुस्तक छापवलं, ते पान सोडून लोक बाकी सगळं वाचत होते. मला लोकांचा राग आला, मग लोकशाहीचाही थोडा आला.

तुळशीचं लग्न झालं. आमच्याकडं वाजंत्री सांगायची रीत अशी की यजमानानं स्वतः येऊन हातावर सुपारी ठेवायची. दर वर्षी या दिवसांत काकांच्या ओट्यावर माणसांची रीघ असे. त्या वर्षी कुणी फिरकलं नाही. काका रोज फेटा बांधून ओट्यावर बसत, सनई पुसत, आणि रस्त्यानं कुणी दिसलं की मिशीवर हात फिरवत. माणूस दुसऱ्याच गल्लीत वळे. याला बोलावलं तर हा लिहील, अशी धास्ती सगळ्यांनी घेतली होती.

"तुझा बाँब माझ्याच घरात फुटला रे," ते मला म्हणाले. "वाफेचा भात ऱ्हायला, आता गार बी जातो."

"काका, मी याच्यावर एक पत्रक काढतो."

"नको! येवढं पुस्तक झालं तेच लई झालं."

मग एक गंमत झाली. पायऱ्यांच्या विहिरीच्या मालकानं मुलीच्या लग्नाला जालन्याहून बँड आणला. पितळी वाद्यं, लाल कोट, मोठा खर्च. लोक जेवायला बसले आणि द्रोण उचलून उचलून पाहू लागले. बँड कशाला आणला? सनईवाल्याला भ्याला म्हणून. भ्याला कशाला? भाजीत काही तरी कमी असणार म्हणून. भाजी चांगली होती, मी स्वतः खाल्ली आहे, पण कुणी मानेना. गावभर झालं की सनईवाला टाळला म्हणजे वांगं कमी घातलं.

दुसऱ्याच सकाळी जोडलिंबाचे मालक काकांच्या ओट्यावर सुपारी घेऊन उभे. धाकट्या मुलीचं लग्न होतं. "मी कुणाला भीत न्हाई," ते रस्त्यावर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. मागून दोघं-तिघं सुपाऱ्या घेऊन आलेच.

त्या लग्नाला मीही होतो. अक्षता पडल्या, पानं मांडली, आणि मालकांनी काकांचा हात धरून त्यांना थेट पहिल्या पंगतीत, व्याह्यांच्या शेजारी बसवलं. भात वाढला. त्याची वाफ काकांच्या मिशीपर्यंत गेली. मालकांनी वरणाचं पातेलं स्वतः उचललं, पळी त्यात उभी रोवून दाखवली.

"बघा काका. पळी उभी ऱ्हाती. बराबर बघून घ्या."

मांडवाच्या कोपऱ्यात मेहुणे एकटेच सूर धरून उभे होते. शेजारी ढोलवाला ढोल खाली ठेवून बसलेला. सनई नाही, नुसता सूर. पाहुणे तो ऐकत अवघडून पदर-उपरणी सावरत होते. काकांनी घास कालवला, तोंडाशी नेला आणि परत पानात ठेवला.

"मेहुण्याला पाट मांडा," ते म्हणाले.

मालक दचकले. "त्यानला कशाला? त्यानं कुठं पुस्तक लिवलंय?"

सूर थांबला. लग्नात पंगत बसलेली असताना मेहुण्यांनी सुराची नळी तोंडातून बाजूला केलेली कुणी पाहिली नव्हती. मेहुण्यांनी ओठ पुसले, माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "मी सांगून राह्यलो. ह्यो लिहून राह्यला."

हे मला तिथंच कळलं. मालकांनी माझ्याकडं पाहिलं, वरणाकडं पाहिलं.

"पाट आणा रे," ते म्हणाले. "ढोलवाल्याला बी आणा. त्याचं काय सांगावं."

तिघं वाजंत्री ओळीनं बसले. पंगत त्या दिवशी वाजंत्रीवाचून जेवली, आणि कुणाच्या घशात घास अडकला नाही. मला मात्र बसवेना. मी काकांच्या कानाशी वाकून म्हणालो, "काका, हे बरोबर नाही. मान हक्कानं मिळायला पाहिजे, वरणाच्या भीतीनं नव्हे. उद्या यांची भीती गेली की पुन्हा गोठा. आपण उभं राहून सांगितलं पाहिजे की—"

काकांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी डाव्या हातानं माझा सदरा धरून मला खाली ओढलं.

"सांग की. पर आधी बस. भात निवून राह्यला."