ब्रेंडनच्या हातात मी दिलेला ग्लास

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून लिहितोय.

आज सेंट पॅट्रिक्स डे, आयर्लंडचा मोठा सण; सगळीकडे हिरवा रंग आणि बिअर. जर्मनीत, स्टुटगार्टच्या आमच्या ऑफिसात काम संपल्यावर छोटी पार्टी होती. माझ्या शेजारी बसणारा ब्रेंडन आयरिश आहे. मी त्याच्या डोक्यावर हिरवी टोपी घातली आणि हातात बिअरचा ग्लास दिला. तो नको म्हणाला. तर मी सगळ्यांसमोर ओरडलो, "अरे, आयरिश ना तू? आज तर प्यायलाच हवी!" सगळे हसले.

त्याने ग्लास खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, "मला दारू सोडून सहा वर्षं झाली. लहानपणी या दिवशी आई कोटाला हिरवं पान लावून चर्चला न्यायची. इथे दरवर्षी कोणीतरी ग्लासच पुढे करतं."

तो निघाला. मी मागे धावलो, एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या स्टेशनवर त्याची माफी मागितली. "ठीक आहे, उद्या भेटू," एवढंच म्हणाला. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

तीन वर्षं शेजारी बसतोय आम्ही. तुमच्या घरी हा दिवस कसा साजरा करतात, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. उद्या सकाळी त्याच्याशी काय बोलू? खरंच सांगा.