श्रीखंडाच्या डब्यातली बंदुकीची दारू

मी केमिस्ट्रीत पीएचडी करते, म्हणजे जळणारं सगळं मला कळतं, असा अमेरिकेतल्या डब्लिनच्या काकांचा ठाम समज आहे. काका रिटायर्ड इंजिनिअर, माझ्या वडिलांचे मित्र. काकूंच्या इडल्यांसाठी मी दर रविवारी त्यांच्याकडे पडीक असते. त्या रविवारी मात्र इडली राहिली बाजूला आणि मला थेट गॅरेजमध्ये नेण्यात आलं.

काकांना पिस्तुलाची काडतुसं घरी भरायचा नाद आहे. तो लावला शेजारच्या गोऱ्या आजोबांनी. दोघांचं मस्त जमायचं. भांडण काय ते दोन घरांमधल्या गवताच्या पट्ट्यावरून. तो कापायची पाळी नेहमी दुसऱ्याचीच असायची. आजोबा हिवाळ्यात गेले आणि काकांसाठी बंदुकीच्या दारूचे दोन डबे ठेवून गेले. दोन्ही दारू कारखान्याने केव्हाच बंद केलेल्या. एक भराभर जळणारी, दुसरी सावकाश. ही सावकाश आजोबांची लाडकी. तिची काडतुसं भरून त्यांच्या वाढदिवशी नेमबाजीच्या क्लबात उडवायची, एवढंच काकांना हवं होतं. त्यापायी ते महिनाभर कोणाशी धड बोलले नव्हते.

लाडकी संपल्यावर तिच्या जवळची कुठली आणायची, तेही ठरवायचं होतं. टेबलावर अशा दारूंचे तक्ते पसरले होते, जलद जळणारी सर्वात वर, संथ सर्वात खाली. काका ते बोर्डाच्या मेरिट लिस्टसारखे वाचत होते. तीन तक्त्यांत लाडकीचा नंबर तीन ठिकाणी आला, तेव्हा त्यांनी तक्ते करणाऱ्यांची अक्कल काढली. मी म्हटलं, हा नुसता क्रम आहे, दोन नंबरांत अंतर किती ते यात कळत नाही. तक्त्यात शेजारची म्हणून त्याच मापाने भरलीत तर पिस्तूल हातात फुटेल. एवढं मलाही कळतं, असं म्हणून त्यांनी माझीही काढली.

शेवटी ते डबे काढायला उठले. फळीवर एकच डबा होता, श्रीखंडाचा, आणि त्यावर काकूंच्या अक्षरात ‘बंदूक’. काकूंना हाक गेली.

“दोन्ही अर्धेअर्धेच होते,” काकू म्हणाल्या. “दिसायला सेम. एकात केलं, जागा झाली.”

कारखान्याच्या डब्यांत चिवडा गेला होता. अमेरिकेत जन्म गेला तरी मराठी बाईला अर्धा डबा बघवत नाही. मला हसू फुटलं. मग काकांचा चेहरा पाहिला आणि ते जागीच विरलं. ही मिसळ आता कुठल्याच तक्त्यात नव्हती. भरायचा प्रश्नच मिटला. काका डब्यात बघत बसले, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं.

अशी दारू गवतावर पातळ पसरतात, खत होतं, एवढंच मला सुचलं. काका डबा घेऊन त्या पट्ट्यावर गेले. मागून काकू आल्या.

“चपला काढा,” त्या हळूच म्हणाल्या.

आम्ही तिघांनीही काढल्या. काकांनी चिमूटचिमूट करत डबा रिकामा केला. काकूंनी तो धुवायला नेला नाही, याचं मला नवल वाटलं.

मे महिन्यात तिथलं गवत नुसतं माजलं. काकांनी मशीन बाहेर काढलं आणि शेजारच्या बंद घराकडे पाहिलं.

“टर्न तुझी होती, लेका,” ते म्हणाले, आणि कापायला लागले.